शिट्टी थांबली तेव्हा

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मुलाची माहिती देताना सांगितलं होतं, "व्यसन कसलं म्हणून नाही. नोकरी कायमची आहे. थंडीत जरा घसा बोलतो, एवढंच." घसा काय बोलतो, हे आमच्याकडच्या कुणी विचारलं नाही. वडील म्हणाले, मुलगा बोलका दिसतोय, बोलू दे.

मुलगा बोलका होता हे खरं. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरीत ते पत्रव्यवहार पाहायचे. दिवसभर साहेबांची पत्रं दुरुस्त करायचे आणि घरी आल्यावर आमची वाक्यं. शिवमंदिराच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं तीन: ते, मी आणि सासूबाई. चहा घेता का, असं विचारलं तर नुसतं 'हो' असं उत्तर कधी आलं नाही. "घेईन, पण कालच्यासारखा उकळून काळा केलेला नको, आणि आलं घालणार असशील तर ठेचून घाल, किसून नको," असं यायचं. मला आधी याचा राग यायचा, मग सवय झाली. पुढे त्या लांब उत्तरांचा मला फार आधार वाटू लागला, पण ते नंतर.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत एका पहाटे मला मांजराच्या पिल्लाचा आवाज ऐकू आला. बारीक, केविलवाणा, थांबून थांबून येणारा. मी उठले, पाण्याच्या पिंपामागे पाहिलं, लाकडांच्या ढिगात पाहिलं, खाटेखाली वाकले. सासूबाई जाग्याच होत्या.

"काय शोधतेस गं?"

"पिल्लू अडकलंय कुठेतरी."

"पिल्लू नाही ते," त्या म्हणाल्या. "तो आहे." आणि कूस बदलून झोपल्या.

खाटेवर बसून ते श्वास सोडत होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजत होती. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "कफ." मग दम घेऊन म्हणाले, "कफाला उगाच मोठी नावं देण्याची बायकांना सवय असते, तशी तू लावून घेऊ नकोस."

मोठं नाव म्हणजे दमा. आमच्या घरात हा शब्द चालत नव्हता. माझे सासरे त्यानेच गेले होते, मुलं लहान असताना. त्यामुळे माझ्या नवऱ्याला कफ होता, सर्दी होती, हवामान मानवत नव्हतं, कारखान्याच्या बाजूचा वारा लागत होता. दमा नव्हता.

उपाय मात्र सगळे दम्याचे चालायचे. सासूबाई अडुळशाचा काढा करायच्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायच्या. रुईची पानं बांधायच्या. शेजारच्या कुणीतरी धोतऱ्याच्या वाळल्या पानांचा धूर घ्यायला सांगितलं. तो घेतल्यावर यांना दिवसभर भिंतीवर मुंग्या दिसल्या, म्हणून तो एकदाच झाला. ताटातून आधी दही गेलं, मग केळी, मग पेरू, भेंडी, काकडी, उडदाची डाळ. दर खेपेला कुणी ना कुणी पाहुणा येऊन एखादा पदार्थ बंद करून जायचा. परत कुणी काही चालू केलं नाही. डॉक्टरकडे जायचं कुणी सुचवलं की ते म्हणायचे, डॉक्टर छातीला नळी लावून कफच ऐकणार, तो मला नळीशिवाय ऐकू येतो.

दुखणं किती आहे हे ओळखायचं आमचं एकच माप होतं, आवाज. शिट्टी मोठी म्हणजे दिवस वाईट. शिट्टी बारीक झाली म्हणजे उतार पडला. थांबली म्हणजे बरं वाटलं, आता पाणी तापवा, आंघोळ करू दे. हे माप इतकं सोपं आणि इतकं पटण्यासारखं होतं की त्याबद्दल कुणाला कधी शंका आली नाही. मलाही नाही.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. त्या साली भाऊबीजेला आम्ही चामटोलीला गेलो. तिथे माझी नणंद दिली होती. तिचं घर शेतीचं, माणसं मोकळी, आणि भाऊ आला की तिला काय करू नि काय नको व्हायचं. दिवाळी त्या वर्षी उशिरा आली होती. भात कापून झालं होतं आणि घराला लागूनच खळं होतं. एका बाजूला भाताच्या पेंढ्या झोडत होते, मधल्या खांबाभोवती बैल फिरत होते, आणि एक बाई सूप उंच धरून धान्य उफणत होती. तूस, कुसळं, बारीक धूळ सगळी उन्हात सोन्यासारखी दिसत होती. ती सरळ ओसरीवर येत होती, आणि पाटावर ओवाळून घ्यायला ते ओसरीवरच बसले होते.

ओवाळणं होईपर्यंतच शिट्टी सुरू झाली. जेवताना ती पलीकडच्या पंगतीला ऐकू जात होती. नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, हसून म्हणाले, "दादा, गाडी टेशनात शिरली वाटतं." यांनी एक भला मोठा टोला परत दिला, पण दोन ठिकाणी थांबून. तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही. नणंदेने गरम पाणी दिलं. सासूबाईंनी बरोबर आणलेला काढा दिला. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि खिडकीला जुनं लुगडं लावलं.

दुपारनंतर शिट्टी थांबली.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. नणंद म्हणाली, "वहिनी, गेला बघ आवाज. आईच्या काढ्याला गुण हाय." सासूबाई म्हणाल्या, आता पडू दे त्याला जरा. चहा ठेवला गेला. मी आत जाऊन विचारलं, "चहा घेता ना?"

ते म्हणाले, "हो."

मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. मी म्हटलं, गुळाचा आहे हं, चालेल? ते म्हणाले, "हो."

मी बाहेर आले, पण मन तिथेच राहिलं. तेवढ्यात भावोजी गप्पा मारायला आत गेले. त्यांना दादांची एक खोड ठाऊक होती आणि ती काढायला त्यांना आवडायची. आमच्या अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं आजूबाजूच्या गावांत सांगतात. कुणी हे बोललं की माझ्या नवऱ्याला राहवत नसे. मग शिलालेख, शिलाहार राजे, दगड कुठून आणला असेल, एका रात्रीत किती दगड वाहता येतील, असं सगळं प्रवचन व्हायचं आणि ऐकणाऱ्याचा चहा निवून जायचा. भावोजी मोठ्याने म्हणाले, "काय दादा, देऊळ बांधायला पांडवांना रात तरी पुरली का?"

मी कान लावून उभी होते. आतून काही उत्तर आलं नाही. भावोजी बाहेर आले आणि म्हणाले, "दमलेत आज. नुसती मान हलवली. पांडव कबूल केले."

कुणी रडलं असतं, ओरडलं असतं, तरी मी इतकी घाबरले नसते. मी आत गेले आणि पहिल्यांदाच आवाज सोडून माणसाकडे पाहिलं. ते खाटेच्या कडेला, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता, इतका की त्यात सुपारी राहिली असती. थंडीचे दिवस, तरी सदरा घामाने भिजला होता. हात हातात घेतला तर नखं जांभळट. मी म्हटलं, आडवं व्हायचंय का? त्यांनी मान हलवली, नको. डोळे मिटत होते, पुन्हा उघडत होते. छातीला कान लावला. आत जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. मळणीचे बैल त्याहून जास्त ऐकू येत होते.

मी बाहेर येऊन म्हटलं, "यांना डॉक्टरकडे न्यायचंय. आत्ता."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता तर उतार पडलाय. आवाज होता तेव्हा नाही बोललीस."

"आवाज होता तेव्हा बोलत होते ते. आता बोलत नाहीत."

"झोप आलीय त्याला. सणाच्या दिवशी भावाला बहिणीच्या दारातून उठवतात का?"

यांना काय होतंय ते मला समजावून सांगता येत नव्हतं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, आणि आवाज थांबला म्हणून तक्रार करणारी बाई त्या घरात आजवर आली नव्हती. मी भावोजींना म्हटलं, "पांडव बांधून गेले म्हटल्यावर हे गप्प बसले. तुम्हीच सांगा, असं कधी झालंय?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आत एकदा पाहून आले. तोंडावरचं हसू गेलं होतं. ते लगेच खळ्यावर गेले, फिरणारे बैल सोडले आणि गाडीला जुंपले. अर्धी मळणी तशीच पडली.

बदलापूरपर्यंतचा रस्ता गाडीवाटेचा. मी मागे वळकटीला टेकून बसले आणि त्यांना माझ्यासमोर बसतं धरलं, कारण आडवं केलं की ते घाबरेघुबरे होत होते. भावोजी बैलांना पळवत होते. दगडावरून गाडी उडाली तेव्हा हे काहीतरी म्हणू लागले. एक श्वास घेतला, "सा." दुसरा घेतला, "वकाश." एवढ्याच एका शब्दाला त्यांना दोन श्वास लागले. भावोजींनी ते ऐकलं आणि सावकाश करण्याऐवजी बैलांना आणखी पिटाळलं.

बदलापुरात आम्हाला माहीत असलेले डॉक्टर दोन. दोघेही भाऊबीजेला आपापल्या बहिणींकडे गेले होते. एकाच्या दाराला कुलूप, दुसऱ्याच्या दारात त्याची दुसरीच एक बहीण बसलेली, तीही त्याचीच वाट पाहत. तिने सांगितलं, टेशनजवळ कॅम्पातला एक सिंधी डॉक्टर बसतो, त्याच्याकडे जा. फाळणीनंतर आलेली ती माणसं अंबरनाथजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात राहायची आणि कामधंद्यासाठी आसपासच्या गावांत यायची, त्यातलेच हे. या डॉक्टरांची बहीण दवाखान्याच्या मागच्या खोलीतच राहत होती, त्यामुळे त्यांना कुठे जायचं नव्हतं.

डॉक्टर बुटके, जाड चष्म्याचे, तोंडात अर्धी मिठाई. यांना पाहताच त्यांनी मिठाई गिळली. काही विचारलं नाही. नळी लावली, पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कब से चुप है?"

मी म्हटलं, "दुपारपासून बोलत नाहीत."

"वो नहीं. छाती. छाती कब से चुप है?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता, पण मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "तेव्हापासूनच."

त्यांनी सुई उकळत्या पाण्यातून काढली, दंडाच्या कातडीखाली थोडं औषध घातलं, थांबले, नाडी धरून बसले, आणखी थोडं घातलं. बोलता बोलता भावोजींना सांगितलं की पलीकडच्या दुकानासमोर सोडावॉटरचा ट्रक उभा आहे, ड्रायव्हरला म्हणा हलू नकोस. याने गुण आला नाही तर सरळ इस्पितळ. भावोजी धावले. मला डॉक्टरांनी खिडकी उघडायला लावली, सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लावल्या आणि म्हणाले, रडायचं असेल तर बाहेर. मी रडत नव्हते. मला वाटतं ते सगळ्यांना तसंच सांगत असावेत.

किती वेळ गेला कोण जाणे. यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं, घाबरायचं नाही. मग छातीतून एक बारीक आवाज आला. मग मोठा. मग सगळ्या खोलीत ती ओळखीची शिट्टी घुमू लागली.

भावोजी ट्रकवाल्याला सांगून परत आले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "पुन्हा चालू झाला!"

डॉक्टर खुर्चीत टेकले. "अच्छा है. बजने दो."

ती संध्याकाळ आणि ती रात्र आम्ही दवाखान्यातच काढली. डॉक्टरांच्या बहिणीने आम्हाला जेवायला वाढलं. ट्रक बराच वेळ थांबला, मग डॉक्टरांनीच त्याला जायला सांगितलं. बाकावर लोडाला टेकून बसलेल्या माझ्या नवऱ्याने ग्लासभर पाणी पिऊन पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर, "पांडवांचा या देवळाशी... काडीचाही संबंध नाही." एकदाच थांबले. भावोजी म्हणाले, नाही दादा, नाही.

डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि त्यांच्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत सांगितलं. मला ते आजही त्यांच्याच शब्दांत आठवतं. "सीटी चांगली नाही, बाई. पण सीटी म्हणजे हवा जाते. रास्ता तंग आहे, पण चालू आहे. सीटी गेली आणि माणूस बोलतो, खातो, आरामात लेटतो, तर ठीक. सीटी गेली आणि माणूस अजून खेचतोय, तर रास्ता बंद. हवाच नाही, तर सीटी कुठून वाजेल?"

मी विचारलं, मग घरी ओळखायचं कसं?

"तुम्ही आज ओळखलं ना? बात करायला लावा. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, तर निघा. वाकून बसतो, झोपता येत नाही, गळ्याची खाच आत जाते, होठ निळे, नाखून निळे, तर निघा. माझी गोळी दिली आणि फरक नाही, तर निघा. एवढं झाल्यावर सुस्ती आली, डोळे मिटायला लागला, तर आराम पडला म्हणून चादर घालू नका. तेव्हा तर पळा. लहान मूल असेल, दूध ओढता येत नाही, पसली आत जाते, तर तसंच." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि प्रत्येक सीटी म्हणजे दमा पण नाही. बच्चा चणा गिळतो, तो अडकतो, सीटी वाजते. बुढ्याचं दिल कमजोर, सीटी वाजते. म्हणून पहिली सीटी वाजली की एकदा डॉक्टरला ऐकवायची. कुठली सीटी ते कळतं."

दमा हा शब्द त्यांनी यांच्यासमोरच उच्चारला. हे छताकडे बघत होते. काही दुरुस्ती केली नाही.

सकाळी सासूबाई शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून आल्या. बरोबर काढ्याची बाटली होती. त्यांनी ती डॉक्टरांसमोर ठेवली आणि विचारलं, हे देऊ का नको? डॉक्टरांनी वास घेतला आणि म्हणाले, द्या, पण माझ्या औषधाच्या जागी नाही. सासूबाईंना ते रास्त वाटलं असावं. त्यांनी मुलाच्या छातीवर हात ठेवला, शिट्टी ऐकली, आणि मी डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यांना सांगू लागले. त्यांनी हात काढला नाही.

अंबरनाथला परत आल्यावर, आठवडाभराने असेल, आम्ही दोघी दारात तांदूळ निवडत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "यांचाही असाच थांबला होता."

मला आधी कळलं नाही. मग कळलं की त्या सासऱ्यांबद्दल बोलत होत्या.

"दोन दिवस नुसती शिट्टी चालली होती. घरात कुणाला झोप नाही. मग थांबली. सगळे म्हणाले, उतार पडला, लागला डोळा. मी अंगावर घोंगडी घातली आणि दिवा बारीक केला. पोरांना म्हटलं, आवाज करू नका, बाबा झोपलेत." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "सकाळी उठवायला गेले."

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि पुढचं सूप ओढलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. पण त्या दिवसापासून ज्या घरात कुणाच्या छातीत वाजत असेल तिथे त्या स्वतःहून जायच्या आणि विचारायच्या, बोलतोय का नीट? लोकांना वाटायचं म्हातारीला गप्पा मारायच्यात.

आमच्या घरचं माप बदललं. दिवाळीच्या आधी माळा झाडायचा असला की धूळ नको म्हणून ते कचेरीतून उशिरा यायचे. भाऊबीजेला आम्ही चामटोलीला जाणं बंद केलं, नणंदच आमच्याकडे येऊ लागली. बहिणीने भावाच्या घरी जाऊन ओवाळायचं, यावर तिच्या गावात थोडं बोललं गेलं. भावोजींनी सांगितलं की आमच्या खळ्यावर दादांनी एकदा पांडव कबूल केले होते, पुन्हा तो प्रसंग नको. कुणाला काही समजलं नाही, पण विषय मिटला. गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की त्यांचं काळीज धडधडायचं आणि झोप उडायची. तरी घेत. ताटात केळी परत आली, भेंडी आली. दही मात्र त्यांनी स्वतःच घेतलं नाही, ते त्यांना मुळातच आवडत नव्हतं असं तेव्हा कळलं.

थंडीच्या दिवसांत मी रोज पहाटे काहीतरी लांबलचक प्रश्न विचारायची. आज कचेरीतून येताना काय काय आणणार? ते ओळखून होते. एका दमात भाज्यांची नावं, दुकानदाराबद्दल दोन शब्द आणि शेवटी "झाली परीक्षा?" असं सगळं म्हणून दाखवायचे. म्हटलं की मी चूल पेटवायला जायची.

एका सकाळी उत्तर आलं नाही. शिट्टीही नव्हती. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी शाल गुंडाळली, टांगा आणला आणि त्यांना घेऊन सरळ कॅम्पात डॉक्टरांच्या बराकीवर गेले, कारण बदलापूरला ते दुपारनंतर जायचे. वाटेत मी दोनदा नखं पाहिली. नखं चांगली गुलाबी होती, पण मी म्हटलं, डॉक्टरच सांगू देत.

डॉक्टरांनी नळी लावली. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं.

"छाती एकदम साफ," ते म्हणाले. मग चष्म्यावरून आमच्या दोघांकडे पाहिलं. "झगडा हुआ है?"

झाला होता. आदल्या संध्याकाळी, माझ्या भावाला लिहिलेल्या पत्रात यांनी माझी वाक्यं खोडली होती त्यावरून. मी मान खाली घातली. हे अजूनही बोलत नव्हते.

मी म्हटलं, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दहा वेळा उगाच या. मी दहा वेळा ऐकीन." आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही बायकोवर रागावा. पण बोलून रागावा. तुमच्या घरात चुप बसायची तुम्हाला परवानगी नाही."

आम्ही परतीच्या टांग्यात बसलो. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सुरुवात केली, आणि माझ्या पत्रातल्या पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत काय काय चुकलं होतं ते घर येईपर्यंत सांगितलं. टांगेवाला मध्ये एकदा वळून पाहून गेला. मी एक शब्द मध्ये बोलले नाही.